काडतुसांना ऊन

परवा ताडकळसच्या बाजारात मी वांगी निवडत होते आणि मागं दोन बाप्ये बोलत उभे होते. एक म्हणाला, "काडतुसं पुन्हा मिळंनात म्हणं. परभणीला जाऊन आलो, दुकानवाला नुसती मान हलवायलाय." दुसरा म्हणाला, "मंग होती तवा घेऊन ठेवायची न्हाईत का?" माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. वांगेवाली वैतागली, "बाई, किती उलटंपालटं करायल्यात, किडकं न्हाई ते." मी मुकाट्यानं घेतलं. घरी येऊन चिरलं तर किडकंच निघालं.

येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना टाळकी ज्वारी निसवलेली, कणसं बाहेर पडलेली दिसली. टाळकी म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. या दिवसांत तिच्या कणसात दाणा भरायला लागतो. नखानं दाबला की पांढरा चीक येतो. त्या चिकाचा एक कोवळा, हिरवा वास असतो. सकाळी दव पडलेलं असताना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललं की तो साडीला लागतो आणि दुपारपर्यंत अंगावर राहतो. माणसाला तो वास आवडतो. रानडुकरांना तर फारच आवडतो, आणि त्यांना तो कोसावरून येतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं, डुक्कर येतं, पोटभर खातं आणि जातं. कशाचं काय! खातं कमी आणि मोडतं जास्त. धाटाला धडक देऊन ते आडवं करायचं, कणीस तोंडात धरायचं, चोखायचं, थुंकायचं, की पुढचं धाट. आठ-दहा डुकरांचं खांड शिरलं की सकाळी वावरात चटई अंथरल्यासारखी ज्वारी पडलेली असते. उभ्या पिकाचं दुःख नाही, गेल्या पिकाचंही एकवेळ नाही, पण ते अर्धवट चोखलेलं पीक बघवत नाही. आमच्या गावाला नदी आणि नदीच्या काठाला वेड्या बाभळींचं रान, त्यामुळं डुकरांना राहायलाही घर जवळच.

म्हणून आमच्याकडं बंदूक. चोर-दरोडेखोरांसाठी नव्हे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोरची. गावात ती एकच होती आणि ती माझ्या सासऱ्यांची. त्यांना घरात सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायचे. बंदुकीनं डुक्कर मारायचं नसतं. हवेत बार काढायचा. नदीच्या काठानं एक बार निघाला की डुकरं आठ-दहा दिवस तिकडं फिरकत नाहीत. हे गावाला माहीत होतं, त्यामुळं ज्वारी चिकात आली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी यायचं. "दादा, एक बार आमच्या अंगानं काढा की." दादा चहाचा कप ठेवून उठायचे. कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. बार काढून आले की काडतुसाची रिकामी पुंगळी ओट्यावर उभी करून ठेवायचे आणि तिच्या दारूचा वास घरभर यायचा. मला तो वास फटाक्यांचा वाटायचा. मला दिवाळी संपलीच नाही असं वाटायचं ते दिवस.

मी ज्या सालाबद्दल सांगायलेय त्याला आता आठ वर्षं झाली. त्या साली काडतुसं मिळेनाशी झाली. का, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. कुणी म्हणे कारखान्यातूनच माल येईना. कुणी म्हणे निवडणुका तोंडावर आल्यात. कुणी म्हणे सरकार आता परवानेच काढून घेणार. तिन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्या आणि जिल्ह्यातली सगळी परवानेवाली माणसं परभणीला पळाली.

त्या दिवशी माझी परभणीला अंगणवाडीची मीटिंग होती, म्हणून दादांबरोबर मीही त्या दुकानात गेले. बंदुकीच्या दुकानात मी पहिल्यांदाच जात होते. वाटलं होतं काहीतरी जबरी असेल. होतं काय, तर एक लाकडी काउंटर, काचेच्या कपाटात चार बंदुका, एक पंखा आणि भिंतीला टेकून बसलेले पंधरा-वीस म्हातारे. पांढरे सदरे, टोप्या, आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं परवान्याचं पुस्तक. दवाखान्यात फाईल धरून बसतात तसे बसले होते. सेलूकडचे एक आजोबा मला म्हणाले, "बारा वर्षं झाली, म्या बार काढला न्हाई बाई."

"मग कशाला आलात?" मी विचारलं.

"आता मिळंना म्हणल्यावर घ्यावं वाटायलंय."

किती खरं बोलले! मला हसू आलं, आणि दुकानदारालाही आलं. तो काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाला, "तुमी सगळ्यांनी घरात ठेवलेली काडतुसं आज हितं आणून टाका. माझं दुकान भरून जाईल आणि वरतून जिल्ह्याला पुरतील." कुणी उठलं नाही.

दादांचं आणि दुकानदाराचं जुनं होतं. गर्दी पांगल्यावर त्यानं पडद्यामागं जाऊन दोन खोकी आणली, परवान्यावर चढवली, शिक्का मारला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. बेकायदा काही नव्हतं, दादांच्या हक्काचीच होती. पण ती घेताना दादांनी आधी दाराकडं बघितलं. आणि मग ते पुडकं माझ्या पिशवीत, पोषण आहाराच्या रजिस्टराखाली घातलं. बसमध्ये म्हणाले, "गावात बोलायचं न्हाई."

मी "हां" म्हणाले. सासऱ्यांना सून आणखी काय म्हणणार, हे खरं. पण त्या वेळी मलाही ते बरोबरच वाटलं होतं, हेही तितकंच खरं. आपल्याकडं आहे आणि लोकांकडं नाही, यात एक गुदगुली असते. ती मलाही झाली. फाट्यावर उतरलो तर गावातला एक जण मोटारसायकल थांबवून विचारायला लागला, "मिळाली का दादा?" दादा म्हणाले, "कुठली मिळत्यात." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आता साठवण्याचं मला काही वावडं नाही. बाईच्या जातीला साठवणं शिकवावं लागत नाही. वर्षाची ज्वारी, मिरच्या, चिंच, कुरडया, पापड, डाळी, कापराच्या वड्या टाकलेली गोधड्यांची पेटी, सगळं माझ्या घरात आहे. पण ते साठवायचं ते काढून खायला. लोणचं तरी ठेवलं तर मुरतं. काडतूस ठेवून काय होतं? दादा मात्र त्या खोक्यांच्या पायी वेगळेच झाले. पुढच्याच आठवड्यात आमच्या स्वतःच्या वावरात डुकरं शिरली, तर हा माणूस धुऱ्यावर बसून तेलाचा रिकामा डबा वाजवत राहिला! मी म्हटलं, "दादा, बार काढा की एक." तर म्हणाले, "वेळेला लागतील."

"ही वेळ नाही का?"

"ह्याच्यापेक्षा वंगाळ येईल."

ज्या माणसानं गावाला मागतील तेवढे बार दिले, तो आपल्या वावरातही काढेना. मला राग यायचा आणि कीवही यायची. काडतुसं मी वरच्या फळीवर कुरडयांच्या डब्यामागं एका पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. रोज झोपायच्या आधी ते डब्याकडं एकदा बघायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून गयाक्काचं घर. गयाक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापताना माझी फाटायची. गयाक्कानं गच्चीवरून हाक मारून मला सांगितलं होतं, "पानी कडक घे की गं, कोंबट पान्यानं कवा भाकर व्हती का?" तिथपासून आमचं जे सुरू झालं ते झालं. सकाळी तिचं भांडं आमच्या भिंतीवर यायचंच. कधी विरजण, कधी चाळणी, कधी नुसती काडेपेटी. माझं भांडं तिच्याकडं जायचं. दोन्ही घरांत सगळं असलं तरी काहीतरी मागायचं निघायचंच. माझ्या नवऱ्याची नोकरी परगावी, शनिवारी यायचे. आठवडाभर मला बोलायला तीच होती.

तिचं वावर दोन एकर, अगदी नदीला लागून. दुसरं काही नाही. तेवढ्या टाळकीवर वर्षाची भाकरी आणि म्हशीचा कडबा. तिच्या मालकांना दमा, थंडीत आखाड्यावर, वावरातल्या खोपीत, राखणीला बसणं त्यांच्यानं व्हायचं नाही. संक्रांतीच्या आधी, एका संध्याकाळी ती आमच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "दादा, काल पाय उमटल्यात वावरात. चिकात हाय ज्वारी. एक बार काढा की आमच्या अंगानं."

दादा तिच्याकडं न बघता म्हणाले, "काडतूस कुठंय बाई? रिकामी नळी घेऊन हिंडू का?"

मी दारात चहा घेऊन उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कप खाली ठेवायला वाकले.

दुसऱ्या दिवशी नळावर आम्ही दोघीच होतो. तिनं घागर भरून घेतली. मग हळूच म्हणाली, "खरंच न्हाईत का गं?"

तिनं हे विचारायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. म्हणजे बघा, खोटं मी बोलणार आणि राग तिचा! मी म्हणाले, "नाहीत हो आक्का. असती तर मीच दिली नसती का?"

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि घागर उचलून गेली.

असती तर मीच दिली नसती का. नुसतं नाही म्हणून भागलं असतं. हे वरचं शेपूट मी का जोडलं, ते मला आजही कळत नाही. खोटं बोलणाऱ्याला एका वाक्यात समाधान होत नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी गयाक्काच्या वावरात उभं असं बोटावर मोजण्याइतकंच राहिलं होतं. गाव बघायला गेलं. मीही गेले. ती मधोमध बसून आडवी कणसं उचलून टोपल्यात टाकत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. मी शेजारी बसून कणसं उचलायला लागले तर म्हणाली, "तुझी अंगणवाडी उघडायची येळ झाली, जा." आभाळ आलेलं होतं. दुपारपासून बारीक पाऊस लागला आणि दोन दिवस ऊन पडलं नाही.

आभाळ उघडलं त्या दिवशी दादा परभणीला डोळे दाखवायला गेले होते. आणि मी, आभाळ उघडल्यावर या भागातली कुठलीही बाई करते तेच करायला लागले. घरातली एकेक वस्तू गच्चीवर आणून तिला ऊन दाखवायला लागले. गोधड्या, तूरडाळ, मिरच्या, कुरडयांचा डबा. कुरडयांचा डबा काढला आणि त्याच्या मागचा पत्र्याचा डबा हाताला लागला. उघडला, तर आत हात ओलसर लागला. दादांनी मला सांगितलंच होतं, काडतुसाला ओल लागली की ते फुगतं आणि नळीत जात नाही. मी दुसरा कसलाच विचार केला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला ती काडतुसं वाटलीच नाहीत, घरात साठवलेलं एक जिन्नस वाटलं. सुपात ओतली, गच्चीवर नेली आणि मिरच्यांच्या शेजारी नीट पसरून ठेवली. लाल लाल, बुडाला पितळी टोपी. उन्हात छान चमकत होती.

आमच्या दोन गच्च्यांमध्ये गुडघ्याएवढी भिंत. मी मान वर केली तर पलीकडं गयाक्का टोपलं घेऊन उभी होती. वावरातून वेचलेली ती चोखलेली, चिखलानं भरलेली, हिरवी कणसं वाळवायला आली होती. काही नाही तर म्हशीला होतील म्हणून.

तिनं सुपाकडं बघितलं. मग म्हणाली, "मला मिरच्याच वाटल्या."

सूप उचलावं तर ते आणखीच वाईट दिसलं असतं. तिनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या. आमच्या गावात याच्या निम्म्यात बायका एकमेकींचं सात पिढ्यांचं काढतात. मी वाटच बघत होते. पण ती टोपलं भिंतीवर टेकवून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खालीवर कर की गं. एकाच अंगानं ऊन लागायलंय. खालून वली राहत्याल."

आणि मी, वाकून, एकेक काडतूस फिरवलं. तिच्यासमोर. तिनं तोवर आपली कणसं पसरली आणि खाली गेली. मी तिथंच गोधडीवर बसून रडले. लाज वाटली, दुसरं काही नाही. नुसती लाज.

संध्याकाळी दादा आले. मी सगळं सांगितलं. वाटलं, माझ्यावर भडकतील. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि बंदुकीच्या खुंटीकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत बंदूक घेतली आणि गयाक्काच्या वावरात गेले. मी मागं मागं गेले. वावरात आता मोडकी धाटं आणि चिखल. राखायला कणीसभरही नव्हतं. त्या रिकाम्या वावरात उभं राहून दादांनी हवेत बार काढला. बाभळीतले बगळे उठले आणि नदीवर एक फेरी मारून पुन्हा बसले. काडतूस चांगलं निघालं, अजिबात फुसकं नाही. त्याला ऊन लागलं होतं ना.

त्या आवाजानं गाव बाहेर आलं आणि गावाला कळायचं ते कळलं. गयाक्का बाहेर आली नाही. तिनं कुणाला काही सांगितलंही नव्हतं. मी नंतर चौकशी केली, तिनं घरात मालकांनाही सांगितलं नव्हतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. महिन्याभरात निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा झाली, निवडणुकीनंतर परत आली. पुढच्या हंगामात दादा न बोलावता रोज संध्याकाळी बार काढायला तयार असायचे, पण ओट्यावर कुणी येईना. लोकांनी कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारी झटका मशीन बसवली, कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या, भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावलं. दोन वर्षांनी दादा गेले. परवाना रद्द करायला आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा हवालदारानं डबा उघडून विचारलं, "एवढी शिल्लक? वापरली कामून न्हाईत?" माझे मिस्टर म्हणाले, "गरज पडली नाही." मी तिथून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

आणि गयाक्का? तिचं माझ्याशी काही वाकडं नाही. त्याच संक्रांतीला तिनं मला तिळगूळ दिला, वाण दिलं. मी मागितलं की अजून सगळं देते, हसून देते. त्या साली मी ज्वारीचं पोतं तिच्या घरी नेऊन टाकलं होतं तेही तिनं परत पाठवलं नाही, पुढच्या साली मोजून घरी आणून ठेवलं, तेवढंच. पण तिचं भांडं आमच्या भिंतीवर पुन्हा आलं नाही. पहिले काही महिने माझ्या लक्षातही आलं नाही. एक दिवस विरजण लावताना लक्षात आलं की मी दोघींपुरतं लावायलेय, आणि ते किती दिवस उरायलंय.

आठ वर्षांत मी तिच्याशी या गोष्टीवर कधी सरळ बोलले नव्हते. परवा बाजारातून आले, ते किडकं वांगं फेकलं आणि तशीच तिच्या वावरात गेले. ती कुंपणाला साड्या बांधत होती. ज्वारी कमरेच्या वर आलेली, कणसं भरायला लागलेली. मी साडीचं दुसरं टोक धरलं. दोन खांब बांधून झाले. मग मी म्हणाले, "आक्का, त्या साली नळावर मी तुमच्याशी खोटं बोलले."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. गाठ मारायची थांबली नाही.

"माझ्यावर राग असंल तर एकदा बोलून टाका."

"राग व्हता. चार दिस व्हता. मंग गेला. ज्वारी काय गं, दुसऱ्या साली आली."

मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी म्हणाले, "मग आक्का, पहिल्यासारखं या की घरी. काही लागलं सवरलं तर मागत जा."

ती थांबली. साडीचं टोक दोन्ही हातांत धरून तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, खरंच नव्हता.

"लय वाटतंय मागावं," ती म्हणाली. "पण तवापसून जीभच उचलंना बघ. परवा सैपाक करायलते तर घरात मीठच न्हवतं. तुझं दार उघडं व्हतं, तू ओट्यावर बसलेली दिसायलतीस. अळणीच खाल्लं आमी."